पट्टी की वर्गणी? सीमाभागातल्या एका गावाचा महोत्सव आणि त्याचा हिशोब

हे प्रकरण बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेकडच्या एका मराठीभाषक गावातलं आहे. गावाचं नाव, साल आणि माणसांच्या खुणा मुद्दाम काढून टाकल्या आहेत. आकडे आम्हीच जमवलेले, पंचायतीच्या कागदांवरून आणि लोकांच्या वह्यांवरून. मी बँकेत हयात घालवलेला माणूस. निवृत्तीनंतर गावी राहायला आलो, तेव्हा पोरांनी हिशोबाला बसवलं, एवढाच माझा संबंध.

पार्श्वभूमी

गावाला लागून एक लहानसा गड आहे, पायथ्याशी तळं. रविवारी शहरातली पोरं दुचाकी घेऊन येतात, फोटो काढतात, चिप्सची पाकिटं टाकून जातात. राहायला एकही खोली नाही. खायला दोन चहाच्या टपऱ्या आणि शनिवार-रविवार भजी तळणाऱ्या एक वैनी.

उत्सव आम्हाला नवे नाहीत. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमानी या गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात ती लोकांच्या पैशावर. मांडव गावचा, जेवण गावचं, पाहुणे कुणाच्या तरी घरी उतरलेले. महालक्ष्मीची यात्रा तर त्याहून मोठी. पाच, बारा, कुठं त्याहून जास्त वर्षांनी येते, तेव्हा घराला रंग लागतो, लेकीबाळी माहेरी येतात, कर्ज काढून पाहुणचार होतो. पण यात्रा संपली की देवळात पंच बसतात आणि जमा-खर्च मोठ्यानं वाचला जातो. नारळाचे किती, मांडवाचे किती, कुणाची वर्गणी राहिली. राहिली असेल त्याची मान खाली जाते.

सरकारी उत्सवांची चाल वेगळी. कित्तूरचा उत्सव दरवर्षी २३ ऑक्टोबरपासून होतो, राणी चन्नम्मांच्या १८२४ च्या विजयाची ती तारीख आहे, आणि तो आता जिल्ह्याच्या अंगवळणी पडला आहे. त्याच धर्तीवर आपल्याकडेही ‘पर्यटन महोत्सव’ व्हावा असं कुणाच्या तरी मनात आलं. जानेवारीत दोन दिवस ठरले. सुगी झालेली, थंडी बेताची, आणि ३१ मार्चच्या आत खर्ची टाकायचा पैसा शिल्लक. हे शेवटचं कारण मला फार उशिरा कळलं.

पहिल्या वर्षी काय झालं

महोत्सव झोकात झाला, हे आधी सांगून टाकतो. मराठी शाळेच्या मैदानावर उभारलेलं व्यासपीठ शाळेपेक्षा उंच होतं. मोठा गायक आला. लेझीम पथकाला पहिल्या संध्याकाळी टाळ्या मिळाल्या, त्या पोरांचे चेहरे बघण्यासारखे होते. माझी आई ऐंशीच्या पुढची. तिला पोरांनी खुर्चीसकट उचलून नेलं आणि ती रात्री अकरापर्यंत बसली. घरी येऊन म्हणाली, “कान दुखलं, पर बरं वाटलं.” खर्चाच्या वहीत या वाक्याला रकाना नाही, हे मला ठाऊक आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर गेलो. क्रेन आणि ट्रकच्या चाकांचे चर गुडघाभर खोल होते, त्यात टँकरचं पाणी साचून चिखल झालेला. कबड्डीच्या जागेवर जनरेटरचं डिझेल सांडून काळा डाग पडला होता. पोरं कडेकडेनं, भिंतीला धरून वर्गात जात होती. ते मैदान पुन्हा खेळण्यासारखं व्हायला जून उजाडला.

नेमका प्रश्न काय होता

नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या वर्षाचा प्रस्ताव आला. ग्रामपंचायतीनं ‘सहकार्य निधी’ म्हणून गेल्या वर्षी ४ लाख रुपये दिले होते. आता ५ लाख मागितले होते. अध्यक्ष राजी होते. पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी, साहेब हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. गावात दोन तट पडले. “गावाचं नाव झालं, पैसा वरून येतो, तुमचं काय जातंय?” असं एक तट म्हणे. दुसरं तट चिडलेलं होतं, पण त्याला नेमकं काय डाचतंय ते सांगता येत नव्हतं.

वरून येतो म्हणजे कुठून? पहिल्या वर्षाचा कागदोपत्री खर्च ३१ लाख. त्यातले २४ लाख सरकारी, ३ लाख प्रायोजकांचे, ४ लाख पंचायतीचे. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातला ६० टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता, त्याला हात लावता येत नव्हता. म्हणून हे ४ लाख पंचायतीच्या स्वनिधीतून गेले. स्वनिधी म्हणजे घरपट्टी आणि पाणीपट्टी. थकबाकीदाराच्या नळाची तोटी काढायची धमकी देऊन जमवलेला पैसा.

हिशोब कसा जमवला

इथं आमची पहिली चूक झाली. महोत्सव चालू असताना कुणीच काही मोजलं नव्हतं. सगळं मागाहून उकरून काढावं लागलं.

कर्नाटकात दरवर्षी १६ ऑगस्ट ते १५ सप्टेंबरच्या दरम्यान ग्रामपंचायतीची ‘जमाबंदी’ होते. मागच्या वर्षीची कामं आणि खर्च लोकांसमोर तपासायचे असतात. आमच्याकडे ती चहा-बिस्किटांत उरकायची. यंदा पोरांनी माहिती हक्काचे अर्ज आधीच टाकले होते. राज्याच्या नियमाप्रमाणे अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. लोक या नियमाला नावं ठेवतात, मीही ठेवतो. पण आम्हाला तो फळला. पहिल्या मसुद्यात चार पानं तक्रारी होत्या. त्या सगळ्या जाऊन ‘महोत्सवाशी संबंधित सर्व बिलांच्या प्रती द्याव्यात’ एवढंच उरलं. दहा रुपये शुल्क, पानाला दोन रुपये. ११८ पानं आली.

त्यातून कळलं ते असं. ४ लाखांशिवाय पंचायतीनं पाण्याच्या ट्रॅक्टरला ३८ हजार, हेस्कॉमच्या तात्पुरत्या वीजजोडणीला ६१ हजार, सफाईला ४५ हजार आणि मैदानाच्या मुरमाला १ लाख २६ हजार मोजले होते. ही रक्कम महोत्सवाच्या नावावर कुठंच नव्हती. पाणी, दिवाबत्ती, किरकोळ अशा वेगवेगळ्या पानांवर विखुरली होती. एकूण ६ लाख ७० हजार. स्टॉलभाड्याचे ४० हजार आले, ते वजा करून ६ लाख ३० हजार. त्या वर्षी पंचायतीची स्वतःची वसुली होती १३ लाख १० हजार. गावात घरं ११५०. म्हणजे घरामागे साडेपाचशे रुपये दोन रात्रींत गेले.

आता गावात आलं किती? व्यासपीठ हुबळीचं, दिवे आणि आवाज शहरातले, गायक मुंबईचा, खुर्च्या कुठल्या ते देव जाणे. जेवणाचा ठेका बाहेरच्या माणसाला गेला होता. त्याचं बिल ३ लाखांच्या वर. पण भाकरी-झुणका केला गावातल्या बायकांनी. भजीवाल्या वैनींनी किती भाकऱ्या गेल्या त्याच्या रेघा कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला ओढून ठेवल्या होत्या, पाच-पाचाचे गठ्ठे करून. मी त्या त्यांच्या चुलीपाशी बसून मोजल्या: २६००. एका भाकरी-झुणक्याचे वीस रुपये. म्हणजे ५२ हजार, आणि तेही पाच महिन्यांनी हाती आले. “तुमी मोजलासा ते बरं झालं,” त्या म्हणाल्या, “मी फाडून टाकणार होते.” जमाबंदीच्या दिवशी ते कॅलेंडर टेबलावर ठेवलं तेव्हा ठेकेदाराचा माणूस जो गप्प बसला, तो शेवटपर्यंत.

भाकरीचे ५२ हजार, मांडवाच्या मजुरीचे ७० हजार, लेझीम पथकाचे ३० हजार: ३१ लाखांपैकी दीड लाख गावात राहिला. शंभरातले पाच रुपये. गावातल्या पंधरा स्टॉलवाल्यांना विचारून नफा काढला, तो सगळ्यांचा मिळून १ लाख ८० हजारांच्या आसपास. पंचायतीनं ट्रॅक्टर आणि सफाईला दिलेले ८३ हजारही गावकऱ्यांनाच मिळाले, म्हणून तेही धरले. एकूण ४ लाख १५ हजार. सगळ्या गावाच्या पट्टीतून सव्वासहा लाख गेले आणि फार तर सत्तर घरांत सव्वाचार लाख आले.

समर्थकांचा पुढचा मुद्दा होता गर्दीचा. पेपरात ‘पन्नास हजार’ छापून आलं होतं. शाळेच्या एका शिक्षकांनी टेप घेऊन मैदान मोजलं: ११० मीटर बाय ७०. व्यासपीठ, मान्यवरांचे सोफे, स्टॉल आणि वाटा सोडल्या तर ४७०० चौरस मीटर. मीटरमागे दोन माणसं दाटीवाटीनं धरली तरी साडेनऊ हजारांच्या पुढं जात नाही. दोन्ही रात्री बरेचसे चेहरे तेच. बसच्या जादा फेऱ्या होत्या दिवसाला बावीस, फेरीला साठ माणसं धरली तर तेराशे. त्यात बायका जास्त. जून २०२३ पासून त्यांना साध्या बसमध्ये शून्य तिकीट आहे. त्या येतात, आनंदानं येतात, पण शेजारच्या गावची मावशी आपल्याकडे येऊन वीस रुपयांची भजी खाते ती पर्यटक नव्हे. ते वीस रुपये तिनं शनिवारी शहराच्या बाजारात खर्च केलेच असते.

आणि एक गोष्ट मला स्वतःलाच हिशोब मांडताना उमगली. समजा धंदा खरंच वाढला, हॉटेल निघालं, गिऱ्हाईक आलं. तर जीएसटी जाणार बेंगळूरूला आणि दिल्लीला. पंचायतीच्या हाती घरपट्टी, परवाना शुल्क आणि बाजारकर. खड्डा आमच्या मैदानात पडतो आणि कर भरला जातो दुसऱ्याच तिजोरीत. म्हणून वरच्या साहेबाला महोत्सव फायद्याचा वाटतो आणि खालच्या पंचायतीला तो झेपत नाही. दोघंही आपापल्या जागी खोटं बोलत नसतात.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, ५ लाख देऊन टाकायचे. दुसरा, बहिष्कार. हा पोरांना आवडला होता. तिसरा, महोत्सवाऐवजी गडावर शौचालय, पिण्याचं पाणी आणि पायऱ्या मागायच्या. निवृत्त हेडमास्तर यासाठी हटून बसले. त्यांनी दाखला दिला १९२४ च्या बेळगाव काँग्रेसचा. गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते त्या अधिवेशनात. गंगाधरराव देशपांड्यांनी ते उभं केलं. मांडव कधीच गेला, पण प्रतिनिधींच्या पाण्यासाठी खणलेली विहीर टिळकवाडीत आजही आहे. “आपल्या दोन दिवसांनी काय ठेवलं? मुरूम!” असं म्हणून ते खाली बसले.

मुद्दा बिनतोड होता, पण चालण्यासारखा नव्हता. सरकारी पैशाला लेखाशीर्ष असतं. सांस्कृतिक कार्यक्रमाच्या शीर्षावरचा पैसा शौचालयाला वळत नाही, आणि मार्चअखेर खर्च झाला नाही तर परत जातो. आम्ही नको म्हटलं असतं तर ते २४ लाख आमच्या पायऱ्यांना मिळाले नसते. दुसऱ्या गावच्या व्यासपीठाला मिळाले असते. हे ऐकल्यावर सभेत बराच वेळ कुणी बोललं नाही.

चौथा पर्याय मग निघाला: रोख पैसा एक रुपयाही द्यायचा नाही, महोत्सवाला नाहीही म्हणायचं नाही, पण आपल्या अटींवर जागा द्यायची.

कठीण वळण: भाषेचा मुद्दा घालायचा की नाही

मला स्वतःला सगळ्यात जड गेलेला निर्णय हा. पहिल्या वर्षी दोन रात्रींत मराठी कार्यक्रमाला एकूण चाळीस मिनिटं मिळाली होती. फलकांवर मराठीचं नाव नव्हतं. निवेदनाचा पहिला मुद्दा हाच हवा असं पोरांचं म्हणणं होतं. त्यांची चीड खोटी नव्हती. १९५६ पासून या गावानं हेच बघितलंय, आणि महाराष्ट्रानं २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला तेव्हा यातली बरीच जण जन्मलीही नव्हती.

पण मी अडून बसलो. भाषा पहिल्या ओळीत आली की कागद ‘सीमावादाचा’ ठरतो, पोलिसांकडे जातो आणि मुरमाच्या बिलाकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. शिवाय गावात पंचवीस-तीस घरं कन्नड बोलणारी आहेत. त्यांचीही पोरं त्याच मैदानाला मुकली होती, त्यांनीही तीच पट्टी भरली होती. त्यांतल्या एका वयस्क शेतकऱ्यानं विचारलं, “पैशाचं असेल तर मी सही करतो. दुसरं काही असेल तर आत्ताच सांगा.”

भाषेचा मुद्दा वेगळ्या अर्जात गेला. त्याला अजून उत्तर नाही. चार पोरं माझ्यावर रुसून निघून गेली, त्यातली दोघं चांगलं काम करणारी होती. मी बरोबर केलं असं छातीठोकपणे आजही म्हणवत नाही.

निर्णय

ग्रामसभेच्या आधी आम्ही साठ घरं फिरलो. प्रश्न एकच: गेल्या वर्षी तुमच्या पट्टीतले साडेपाचशे महोत्सवाला गेले, तेच वर्गणी म्हणून मागितले तर द्याल? एकवीस घरं हो म्हणाली. मला वाटलं होतं पाच-सहा म्हणतील. बाकीच्यांनी नकाराची मान हलवली. त्यातल्याच बहुतेकांनी मागच्या यात्रेला दोन-दोन हजार वर्गणी दिली होती, कुणी न मागता. माझ्या आईला विचारलं तर म्हणाली, “शंभर देईन. साडेपाचशात माझी महिन्याची औषधं येतात.”

ग्रामसभेनं ठराव केला तो थोडक्यात असा. पंचायत रोख देणार नाही. शाळेचं मैदान मिळणार नाही. भात कापलेली रानं घ्यावीत आणि मालकांना भाडं द्यावं. नुकसानीपोटी एक लाख अनामत. पहिले वीस स्टॉल गावकऱ्यांना, चिठ्ठ्या टाकून. वाहनतळाचं शुल्क पंचायतीला. १९९३ च्या पंचायत राज कायद्यात जत्रा-उत्सवाला येणाऱ्यांवर शुल्क बसवायची मुभा पंचायतीला आहे, त्याचा आधार घेतला. आणि महिन्याच्या आत हिशोब देवळात वाचायचा.

जिल्हा पंचायतीच्या सदस्याला मध्ये घालावं म्हटलं तर सदस्यच नव्हता. २०२१ मध्ये मुदत संपल्यावर त्या निवडणुका लांबतच गेल्या होत्या. म्हणून अध्यक्ष आणि आम्ही चौघं स्वतःच कचेरीत गेलो. अनामत पन्नास हजारांवर आली. बाकी अटी, नवल म्हणजे, फारशी खळखळ न होता मान्य झाल्या. मार्च जवळ येत होता.

परिणाम

दुसऱ्या वर्षी महोत्सव एकाच दिवसाचा झाला. मोठा गायक नव्हता. गर्दी निम्म्यावर आली. पंचायतीचा खर्च १ लाख १० हजार, वाहनतळ आणि स्टॉलचे मिळून आले १ लाख ३६ हजार. सव्वीस हजार उरले. शाळेचं मैदान शाबूत राहिलं. रान दिलेल्या तिघांपैकी एकाचा बांध फुटला, तो अनामतीतून बांधून दिला.

सगळेच खूश नव्हते. स्टॉलवाल्यांचा धंदा घटला आणि त्यांनी ते माझ्या तोंडावर सांगितलं. वैनींची भजी संध्याकाळी आठलाच संपली, कारण गर्दी कमी होईल म्हणून त्यांनी पीठच कमी भिजवलं होतं. हिशोब देवळात वाचला गेला, पण महिन्यात नाही, अडीच महिन्यांनी.

तिसऱ्या वर्षी महोत्सव आमच्याकडून गेला. सहा किलोमीटरवरच्या एका पंचायतीनं ५ लाख रोख देऊ केले होते. आमच्यातल्या काहींना हे आमचं अपयश वाटतं. “हातचं घालवलासा,” असं मला अजून पारावर ऐकावं लागतं. आई विचारते, यंदा गाणं कुठं आहे?

पुन्हा वेळ आली तर

मोजणी आधीपासून करू. टपऱ्यांचा रोजचा गल्ला, वाहनं, बसच्या फेऱ्या, महोत्सवाच्या आधीचे चार रविवार आणि नंतरचे चार. मागाहून जमवलेल्या आकड्यांवर विरोधक बोट ठेवतो आणि त्याचं चुकत नाही. ग्रामसभा संध्याकाळी सहाला घेतली, ती धारा काढायची आणि चुलीची वेळ; बायका नावापुरत्या आल्या. ती दुपारी घेऊ. साठ घरांऐवजी सगळी घरं फिरू, पोरं आहेत. आणि जेवणाचा ठेका स्त्रीशक्ती संघालाच (बायकांच्या बचतगटाला) द्यावा ही अट घालायची राहून गेली, तिची रुखरुख मला सगळ्यात जास्त आहे. दुसऱ्या वर्षीही जेवण बाहेरच्याच माणसाला गेलं.

गेल्या फेब्रुवारीत त्या सहा किलोमीटरवरच्या पंचायतीचे दोन सदस्य माझ्या घरी आले. चहा झाला, भाताचा भाव झाला, मग एकानं खिशातून चौघडी केलेला कागद काढला. आमच्या ठरावाची झेरॉक्स त्यांना हवी होती. उठता उठता दुसऱ्यानं विचारलं, “काका, तुमच्या मैदानाला मुरूम किती ट्रॉल्या लागला होता?”